पृथ्वीचे वय आणि पाच अशनी : एका शोधनिबंधाची चिकित्सा

शिक्षकांच्या शिबिरांत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. पुस्तकात पृथ्वीचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे दिलेले असते. ते वाचून वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, तेव्हा मोजायला कोण होते?" मग "शास्त्रज्ञांनी खडकांवरून मोजले" असे सांगून तास पुढे सरकतो.

हे उत्तर बरोबर नाही. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात खडकाचे वय ४६० कोटी वर्षे नाही. कॅनडातील अकास्टा येथील पट्टिताश्म हा सर्वांत जुन्या खडकांत गणला जातो. त्याचे वय सुमारे ४०० कोटी वर्षे आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे झिरकॉन या खनिजाचे सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वीचे कण मिळाले आहेत, पण ते ज्या खडकात तयार झाले तो खडक केव्हाच नाहीसा झाला. आपली पृथ्वी जुना दस्तऐवज ठेवत नाही. झीज, गाळ, ज्वालामुखी आणि भूपट्टांच्या हालचाली यांत तिने आपले बालपण पुसून टाकले आहे.

मग हा आकडा आला कोठून? तो आला आकाशातून पडलेल्या दगडांवरून. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली 'जिओकिमिका एट कॉस्मोकिमिका अ‍ॅक्टा' या नियतकालिकात अशनींचे आणि पृथ्वीचे वय या विषयावर अवघ्या आठ पानांचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे उत्तर होते ४५५ कोटी वर्षे, आणि त्यापुढे 'अधिक-उणे ७ कोटी' ही मर्यादा. हा निबंध आज कसा वाचावा, त्यात पक्के काय आहे, कच्चे काय आहे, आणि वर्गात सांगताना आपण त्यातले काय गाळतो, याचा विचार येथे करावयाचा आहे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो : या निबंधातील सर्वांत मोलाचा भाग ४५५ हा आकडा नसून त्यापुढचे अधिक-उणे ७ आहे, आणि नेमके तेच आपण मुलांना सांगत नाही.

युक्तिवाद काय आहे?

प्रथम निबंधाची बाजू नीट समजून घेऊ. शिशाचे चार स्थिर समस्थानिक आहेत. त्यांपैकी शिसे-२०४ हे कोणत्याही किरणोत्सारी मूलद्रव्यापासून तयार होत नाही. ते जेवढे होते तेवढेच राहते. शिसे-२०६ मात्र युरेनियम-२३८ पासून आणि शिसे-२०७ युरेनियम-२३५ पासून सतत तयार होत असते. पहिल्या युरेनियमचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, तर दुसऱ्याचे फक्त सुमारे ७० कोटी वर्षे.

एक कल्पना करा. प्रत्येक घरात पाण्याच्या दोन टाक्या आहेत आणि दोन्हींच्या तळाशी नळ सोडलेला आहे. पाणी कमी होते तशी धारही बारीक होते. एक टाकी झपाट्याने रिकामी होते, दुसरी सावकाश. प्रत्येक नळाखाली एकेक बादली आहे. कोणाच्या टाक्या मोठ्या, कोणाच्या लहान; पण दोन टाक्यांतील सुरुवातीच्या पाण्याचे प्रमाण सगळ्या घरांत सारखेच आहे. अशा वेळी काही तासांनी दोन बादल्यांत जमलेल्या पाण्याचे गुणोत्तर पाहिले तर ते सगळ्या घरांत एकच येईल. टाकी किती मोठी यावर ते अवलंबून नाही. नळ सोडून किती वेळ झाला एवढ्यावरच ते अवलंबून आहे.

अशनींचेही तसेच. ज्या अशनीत युरेनियम जास्त त्यात नवे शिसे जास्त जमेल, ज्यात कमी त्यात कमी. पण आडव्या अक्षावर शिसे-२०६ चे आणि उभ्या अक्षावर शिसे-२०७ चे, दोन्हींचे शिसे-२०४ शी असलेले गुणोत्तर मांडले, तर एकाच वेळी जन्मलेले सगळे अशनी एका सरळ रेषेत यायला हवेत. त्या रेषेचा चढ म्हणजे वय. पॅटरसन यांनी घेतलेले पाच अशनी आणि त्यांची गुणोत्तरे अशी (आधी २०६/२०४, मग २०७/२०४) :

न्युएवो लारेदो (दगडी) : ५०.२८ आणि ३४.८६
मोडॉक (दगडी) : १९.४८ आणि १५.७६
फॉरेस्ट सिटी (दगडी) : १९.२७ आणि १५.९५
हेनबरी (लोखंडी) : ९.५५ आणि १०.३८
कॅन्यन डायब्लो (लोखंडी) : ९.४६ आणि १०.३४

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे बिंदू आलेख कागदावर मांडता येतील. पट्टी ठेवली की रेषा जवळजवळ सरळ येते. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंवरून चढ काढला तर २४.५२ भागिले ४०.८२, म्हणजे सुमारे ०.६० मिळतो. युरेनियमच्या क्षयाचे वेग १९७१ साली अधिक काटेकोरपणे मोजले गेले. ते वापरले तर या चढाला सुमारे ४५१ कोटी वर्षे वय येते. पॅटरसन यांच्या ४५५ पेक्षा ते किंचित कमी आहे, पण त्यांनीच सांगितलेल्या ७ कोटींच्या मर्यादेत बसते.

येथपर्यंत वय मिळाले ते अशनींचे. पृथ्वीचे नव्हे. त्यासाठी निबंधात आणखी एक पायरी आहे. पॅटरसन यांनी महासागराच्या तळावरील गाळातले शिसे घेतले. नद्या खंडांवरून झिजवून आणलेला माल समुद्रात मिसळतात. तेव्हा या गाळातील शिसे हे पृथ्वीच्या वरच्या भागाची बरीचशी सरासरी असेल, असा विचार त्यामागे होता. या शिशाचा बिंदू अशनींच्या रेषेवर येऊन बसला. यावरून त्यांनी म्हटले की पृथ्वीचे वय अशनींइतकेच असले पाहिजे, आणि वय याचा अर्थ पृथ्वीला आजचे वस्तुमान प्राप्त झाले तेव्हापासूनचा काळ.

जमेची बाजू

या निबंधाची पहिली थोरवी नमुन्यांच्या निवडीत आहे. लोखंडी अशनीत ट्रॉयलाइट नावाचे लोह व गंधक यांचे खनिज असते. त्यात शिसे असते पण युरेनियम जवळजवळ नसते. म्हणजे या घरात टाक्या रिकाम्याच होत्या. बादलीत जे पाणी दिसते ते सुरुवातीचेच. कॅन्यन डायब्लोच्या ट्रॉयलाइटने सूर्यमालेच्या आरंभीचे शिसे कसे होते हे दाखवले. हा आरंभबिंदू मिळाला नसता तर सारा हिशेब अधांतरी राहिला असता.

दुसरी थोरवी प्रामाणिकपणाची. अशनी एकाच वेळी जन्मले, नंतर त्यांत बाहेरून काही आले-गेले नाही, सर्वांनी सारख्याच शिशाने सुरुवात केली, आणि त्यांतील युरेनियमच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरच्यासारखेच आहे, ही चारही गृहीतके निबंधात उघडपणे मांडली आहेत. पोटॅशियम-आर्गॉन व रुबिडियम-स्ट्रॉन्शियम या दोन वेगळ्या पद्धतींशी ताळाही घेतला आहे. चूक कोठे असू शकेल हे लेखकानेच वाचकाच्या हाती दिले आहे. चांगल्या शोधनिबंधाची आमच्या मते हीच खूण आहे.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. मोजायचे शिसे इतके थोडे की धूळ, पाणी, काचेची भांडी, रसायने यांतून येणारे शिसेच जास्त ठरण्याची भीती. हे शिसे दूर ठेवण्यासाठी पॅटरसन यांनी अतिशुद्ध प्रयोगशाळेची पद्धत उभी केली. पुढे याच अनुभवातून हवेत आणि पाण्यात माणसाने किती शिसे मिसळले आहे हे त्यांच्या लक्षात आले, आणि १९६५ पासून शिसेयुक्त पेट्रोलविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले.

एक गैरसमजही येथेच दूर करू. ही एकट्या माणसाची कामगिरी नव्हती. शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय काढण्याची गणिती पद्धत आर्थर होम्स आणि फ्रिड्रिख हाउटरमान्स यांनी १९४६ साली स्वतंत्रपणे मांडली होती. पॅटरसन यांनी आपले पहिले आकडे १९५३ साली एका परिषदेत सांगितले, आणि त्याच वर्षी हाउटरमान्स यांनी कॅन्यन डायब्लोचीच मोजमापे वापरून सुमारे ४५० कोटी वर्षे हे वय प्रसिद्ध केले.

कच्चे दुवे

आता दुसरी बाजू. विद्यार्थ्यांना त्याच आलेखावर न्युएवो लारेदोचा बिंदू बोटाने झाकायला सांगा. उरलेले चार बिंदू पाहा. दोन अगदी खाली एकमेकांना चिकटून, दोन मध्ये एकमेकांजवळ. आता कॅन्यन डायब्लो आणि फॉरेस्ट सिटी यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ काढला तर तो ०.५७ येतो, कॅन्यन डायब्लो आणि मोडॉक यांना जोडणाऱ्या रेषेचा ०.५४. आजच्या क्षय-वेगांनी पाहता त्यांचे वय अनुक्रमे सुमारे ४४४ व ४३६ कोटी वर्षे होते. म्हणजे पाच बिंदूंची म्हणून दाखवली जाणारी ही रेषा बऱ्याच अंशी एका दूरच्या बिंदूने ताणून धरलेली आहे.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. मोडॉक आणि फॉरेस्ट सिटी यांचे बिंदू जेथे आहेत त्याच परिसरात आजच्या पृथ्वीवरच्या शिशाचाही बिंदू पडतो. या दोन अशनींत जमिनीवरचे, हवेतले किंवा संग्रहालयातले शिसे शिरले असते तर आलेखावर ते वेगळे ओळखू आले नसते. हे दोन्ही अशनी ज्या साध्या कोंड्राइट वर्गातले आहेत, त्या वर्गातील शिशात अशी भेसळ किती सहज होते हे नंतरच्या संशोधकांना दिसून आले. शिशाच्या भेसळीचा जगातला सर्वांत मोठा जाणकार हा निबंध लिहीत होता, तरीही धोका होताच.

सर्वांत कच्चा दुवा मात्र पृथ्वीचा आहे. सागरतळावरच्या गाळाला साऱ्या ग्रहाचा प्रतिनिधी मानणे ही फार मोठी उडी होती. पुढे समुद्रतळाचा बेसाल्ट, बेटांवरचे ज्वालामुखी, खंडांचे कवच अशा हजारो नमुन्यांतील शिसे मोजले गेले. त्यांतले बहुतेक अशनींच्या रेषेवर बसत नाहीत. ते तिच्या उजवीकडे पडतात. भूरसायनशास्त्रज्ञ याला शिशाचा विरोधाभास म्हणतात. सारी पृथ्वी रेषेवर असायला हवी असेल तर डावीकडे पडणारे शिसे कोठेतरी दडलेले असले पाहिजे. ते गाभ्यात आहे, की खंडांच्या खालच्या थरांत, की मुळात पृथ्वीचे शिशाचे घड्याळच उशिरा सुरू झाले, यावर अजून एकमत नाही. पृथ्वीच्या शिशावरून सरळ वय काढले तर ते अशनींपेक्षा काही कोटी वर्षांनी, आणि काही अंदाजांत दहा कोटींहून अधिक वर्षांनी, कमी भरते.

तेव्हा १९५६ साली गाळाचा बिंदू रेषेवर येऊन बसला, यात थोडा दैवाचाही हात होता असे म्हणावे लागते. निष्कर्ष मोठ्या प्रमाणात बरोबर ठरला, पण जे कारण निर्णायक म्हणून दिले होते ते तितके भक्कम नव्हते. विज्ञानात असे घडते, आणि विद्यार्थ्यांपासून ते लपवण्याचे काही कारण नाही.

अधिक-उणे ७ कोटींच्या आत

पॅटरसन यांच्या दृष्टीने ७ कोटी वर्षे ही मोजमापातली अनिश्चितता होती, आणि एकंदर वयाच्या मानाने ती दीड टक्का भरत असल्याने नगण्य वाटते. पण डायनोसॉर नाहीसे होऊन आजवर साडेसहा कोटी वर्षेच झाली आहेत. ७ कोटी वर्षांत पुष्कळ काही घडू शकते. आज आपल्याला ठाऊक आहे की पृथ्वीसारख्या खडकाळ ग्रहांच्या जन्माच्या कहाणीचा मोठा भाग या दीड टक्क्यातच घडला.

सूर्यमालेतील सर्वांत जुनी घन वस्तू म्हणजे काही कोंड्राइट अशनींत आढळणारे कॅल्शियम व अ‍ॅल्युमिनियमने समृद्ध असे पांढरे कण. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार त्यांचे वय ४५६.७३ कोटी वर्षे आहे, आणि त्यातील अनिश्चितता २ लाख वर्षांहूनही कमी. पद्धत तीच, पॅटरसन यांची शिसे-शिसे. फक्त काटा कितीतरी बारीक झाला.

पूर्वी असे सांगितले जाई की आधी कोंड्राइट बनले, ते एकत्र येऊन मोठे गोल झाले, मग ते वितळून लोखंड तळाशी गेले. आता दिसते ते याच्या उलट. लोखंडी अशनी ज्या लहान ग्रहकांचे गाभे होते, त्यांच्यातले लोखंड पांढऱ्या कणांनंतर साधारण १० ते ३० लाख वर्षांतच वेगळे झाले होते. कोंड्राइट मात्र साधारण २० ते ४० लाख वर्षांनी जमले. म्हणजे न वितळलेले दगड हे बहुधा नंतरचे. आधीची पिढी वितळून गेली होती.

एवढ्या लहान गोलांना वितळवणारी उष्णता आली कोठून? येथे आपल्याकडच्या एका दगडाने साक्ष दिली आहे. २० जून १९९६ रोजी राजस्थानात पिपलिया कलान येथे एक अशनी पडला. हा न्युएवो लारेदोच्याच, म्हणजे युक्राइट वर्गातला; एखाद्या वितळलेल्या लघुग्रहाच्या कवचाचा बेसाल्टसारखा तुकडा. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील जी. श्रीनिवासन, जे. एन. गोस्वामी आणि एन. भंडारी यांनी १९९९ साली त्यात अ‍ॅल्युमिनियम-२६ या अल्पायुषी समस्थानिकाच्या क्षयाच्या खुणा दाखवल्या. याचे अर्धायुष्य अवघे ७ लाख वर्षे. तो दगड थिजला तेव्हा अ‍ॅल्युमिनियम-२६ शिल्लक होते, म्हणजे गोल बनला तेव्हा ते भरपूर असणार. ग्रहकांची भट्टी पेटवणारे इंधन हेच असावे, या विचाराला त्यामुळे बळकटी आली. न्युएवो लारेदोच्या शिशात युरेनियमची छाप इतकी ठळक का, याचेही उत्तर येथे दिसते : वितळण्याच्या प्रक्रियेत युरेनियम कवचात साठले आणि शिसे बरेचसे निघून गेले.

मोठ्या ग्रहांसाठी दुसरे घड्याळ लागते. हाफ्नियम-१८२ चे अर्धायुष्य सुमारे ८९ लाख वर्षे. त्यापासून टंगस्टन-१८२ बनते. हाफ्नियम खडकात राहते, टंगस्टन लोखंडाबरोबर गाभ्यात जाते. गाभा लवकर वेगळा झाला तर मागे खडकात राहिलेले हाफ्नियम पुढे टंगस्टन-१८२ तयार करते आणि ते खडकातच जादा दिसते. २००२ साली दोन संशोधक गटांनी दाखवले की पृथ्वीच्या खडकात हे टंगस्टन कोंड्राइटपेक्षा किंचित जास्त आहे. त्यावरून पृथ्वीचा गाभा साधारण ३ कोटी वर्षांत बनला असावा असा हिशेब मांडला गेला. मंगळ मात्र पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच बराचसा तयार झाला होता. पृथ्वीवर नंतरही मोठे आघात होत राहिले. त्यांतल्याच एकातून चंद्र बनला असे मानतात. तो आघात पांढऱ्या कणांनंतर केव्हा झाला याबद्दलचे अंदाज सुमारे ३ कोटींपासून थेट २० कोटी वर्षांपर्यंत पसरलेले आहेत.

हे सारे ध्यानात घेतले की पॅटरसन यांच्या 'वय' या शब्दाचीही चिकित्सा करावी लागते. आजचे वस्तुमान प्राप्त झाल्याचा क्षण, अशी त्यांची व्याख्या होती. पण ग्रहाला जन्मतारीख नसते. कण जमणे, गोल वाढणे, गाभा वेगळा होणे, शेवटचा मोठा आघात, कवच थिजणे, या घटना कोट्यवधी वर्षांवर पसरल्या आहेत. कोणते घड्याळ वापरले यावर कोणती घटना मोजली हे ठरते. ४५५ कोटी, ४५६.७ कोटी, ४५० कोटी, हे एकाच प्रश्नाला दिलेले परस्परविरोधी आकडे नाहीत. ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

वर्गात काय सांगावे?

आमचा आक्षेप पाठ्यपुस्तकातील आकड्यावर नाही. आकडा ठीक आहे. आक्षेप आहे तो आकडा उघडाबोडका देण्यावर. मोजले कशावर, गृहीत काय धरले, चूक किती असू शकते, या तीन गोष्टी काढून घेतल्या की ४६० कोटी हे विधान आणि एखाद्या बुवाने सांगितलेली युगांची संख्या यांत विद्यार्थ्याला फरक दिसणार कसा? दोन्ही त्याला पाठच करावी लागतात. मग तो उद्या पहिलीऐवजी दुसरी पाठ करील. त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. एक तास काढावा. पाच अशनींचे बिंदू विद्यार्थ्यांकडून मांडून घ्यावेत, चढ काढायला लावावा. मग एक बिंदू झाकून पुन्हा चढ काढायला लावावा आणि उत्तर का बदलले यावर त्यांनाच बोलू द्यावे. शेवटी विचारावे : यात पृथ्वीवरचा दगड कोठे आहे? तो नाही हे मुलांच्या लक्षात आले की पृथ्वीचे वय काढण्यासाठी कोणती उडी मारावी लागली हेही त्यांना कळेल.

"तेव्हा मोजायला कोण होते?" या प्रश्नाचे उत्तरही मग देता येते. मोजायला कोणी नव्हते. पण युरेनियम होते आणि शिसे साठत होते. ते काही दगडांत जपले गेले, आणि ते दगड आपल्याकडे पडले. पुढचा हिशेब आपण केला आहे, तो कोणालाही तपासता येतो, आणि तो अजून पुरा झालेला नाही.